बांगड्या हलवू नको

मनिष पाड्यावर आला तो आईला भेटायला नव्हे, तर तिच्या घरात रेंज नाही म्हणून. पुण्यातल्या त्याच्या कंपनीला चाचणीसाठी नेमकी अशीच जागा हवी होती. दोन फोन शेजारी ठेवायचे. एक कानाला ऐकू न येणारा आवाज काढतो, दुसरा तो टिपतो आणि नेटशिवाय फोटो जातो. तलासरीच्या डोंगरातलं आपलं घर कंपनीच्या कामी आलं, याचंच त्याला कौतुक. लाडकीला कौतुक होतं ते मुलगा आल्याचं. नवरा गेल्यापासून ती एकटीच जेवत होती. आज तरी त्याने जेवून, राहून जावं, एवढंच तिचं मागणं. त्याला मात्र संध्याकाळची डहाणूची एसटी गाठायची होती.

“आय, तुझा फोन दे, आणि इथंच बस. फोटो मोठा आहे, जायला वेळ लागेल.”

फोटो अर्ध्यावर अडकला.

“बोललीस तर चालेल, पण बांगड्या हलवू नको. काच वाजली की त्यातही आपल्याला ऐकू न येणारा आवाज असतो. फोन गोंधळतो.”

हे त्याने सांगायला नको होतं. पुढच्या खेपेला लाडकीच्या हातावर माशी बसली. त्यानंतर केस डोळ्यांत आले. मग चुलीवरचे, चिंचणीच्या बाजारातले सुके बोंबील हलवायची आठवण झाली. फोटो दर वेळी अडकत होता आणि ऊन अंगणातून सरकत होतं.

मनिष चिडला नाही. त्याचा चेहरा उतरला. “उद्या साहेबांना काय सांगू?” म्हणत त्याने फोटो पुन्हा लावला आणि आईचं मनगट बांगड्यांसकट मुठीत धरलं.

आश्रमशाळेत सोडलं त्या दिवसानंतर त्याने तिचा हात असा धरला नव्हता. हात झटकला तर फोटो अडकेल, एसटी चुकेल, पोरगा जेवायला राहील. नाही झटकला तर तो जाईल. तिला सगळं कळत होतं. तरी तिच्याने हात हलवेना.

“गेला पूर्ण!” मनिष उठला, हात सुटला. त्याने पिशवी उचलली. “येतो आय.”

“जेवून जा रे.”

“पुढच्या वेळी.”

तो गेल्यावर तिने फोन पाहिला. फोटोत कंपनीची इमारत होती. तो फोटो आणखी मोठा असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.