उजवीकडे अर्धा इंच

मास्तरांनी कोटाचा उजवा पल्ला दोन बोटांनी उचलला, सोडून दिला आणि तो कसा पडतो ते पाहत राहिले. पल्ला सरळ खाली आला आणि थांबला. कुठे सुरकुती नाही, कुठे पोकळी नाही. कच्च्या टाक्यातला कोट इतका बेमालूम बसलेला त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. दुसऱ्या एखाद्या शिंप्याची छाती फुगली असती. मास्तरांना मात्र तो इतका नीट बसायला नको होता.

"पुन्हा एकदा वळा बरं," ते म्हणाले.

आरशासमोरचा तरुण मुकाट्याने वळला. परवा, शुक्रवारी, नोंदणी कार्यालयात सही करून तो मास्तरांचा जावई होणार होता. त्या सहीसाठीच हा कोट. मास्तरांची एकुलती एक मुलगी बाहेर काउंटरवर बटणं निवडत बसली होती. मधल्या पडद्याखालून तिच्या चपला तेवढ्या दिसत होत्या.

मास्तर साध्या माणसांचेही कोट शिवत, नाही असं नाही. पण त्यांचं नाव होतं ते दुसऱ्याच कामासाठी. ज्यांना सुटाबुटात वावरायचं असतं आणि कमरेला पिस्तूलही बाळगायचं असतं, अशी माणसं लांबून लांबून त्यांच्याकडे येत. बड्या लोकांचे अंगरक्षक, धमक्या आलेले व्यापारी, एक तर चक्क निवृत्त न्यायाधीश. दुकानात 'पिस्तूल' हा शब्द कोणी काढत नसे. 'सामान आहे' एवढंच म्हणायचं आणि कुठल्या बाजूला ते हाताने दाखवायचं. मास्तर त्या बाजूला अर्धा इंच जास्त सोडत आणि आत जाड कॅनव्हासचा एक तुकडा घालत, म्हणजे सामानाचा उठाव बाहेर दिसत नसे. एखाद्याने मिठी मारली तरी त्याला पत्ता लागत नसे. का बाळगता, कोणाला भिता, हे मास्तरांनी पस्तीस वर्षांत एकालाही विचारलं नव्हतं. विचारणारा शिंपी असल्या धंद्यात टिकत नाही, असं ते बायकोला सांगत. तुम्हाला घरातही काही विचारायचं सुचत नाही, असं ती त्यांना ऐकवत असे.

अशा कोटाची एक खोड असते. सामान नसताना तो अंगात घातला, तर त्या बाजूला खळगा पडतो, दात पडलेल्या म्हाताऱ्याच्या गालासारखा. मग इस्त्री करा नाहीतर देवाला नवस बोला, तो खळगा जात नाही.

जावई पहिल्यांदा माप द्यायला आला, तेव्हाच मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली होती. पोरगा विम्याच्या कार्यालयात कारकून. बोलायला मऊ, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्याचा उजवा हात अंगालगत पडत नव्हता, चार बोटं लांब राहत होता. आणि स्टुलावर बसताना त्याने कोपराने मागचा पल्ला बाजूला सारला. त्या दिवशी त्याच्या अंगात नुसता शर्ट होता. सारायला पल्ला होताच कुठे?

दुसरा बाप असता तर त्याने तिथल्या तिथे विचारलं असतं. मास्तरांना न विचारण्याची सवय हाडीमांसी भिनलेली. त्यांनी कोणाला न सांगता कोट सामानवाल्याच्या मापाने कापला. पोरगा साधा असेल तर खळगा पडेल, आपण मनातल्या मनात हसू, तासाभरात शिवण आत घेऊ आणि शुक्रवारी ताठ मानेने मिरवू. नाही पडला, तर मुलीशी बोलावं लागेल. त्या बोलण्याच्या नुसत्या कल्पनेने गेले आठ दिवस त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

खळगा पडला नव्हता.

"जरा बसा. आता उठा. तो वरच्या फळीवरचा तागा काढा."

जावई बसला, उठला, हात उंचावून त्याने तागा काढला. कोट जागचा हलला नाही. मास्तरांनी गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली.

"जावईबापू, कमरेला काय आहे तुमच्या?"

जावयाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पण तो रागावला नाही. त्याने कोटाचे दोन्ही पल्ले बाजूला केले.

"काही नाही, काका. बघा."

पांढरा शर्ट आणि पट्टा. मास्तरांनी संकोच बाजूला ठेवून हात घातला. शर्टाच्या आत माणसाचं ऊबदार अंग होतं, कमरेचं हाड होतं, बाकी काही नव्हतं. त्यांनी दोनदा चाचपून पाहिलं आणि पल्ले सोडून दिले. कोट पुन्हा भरला. उजव्या कमरेवर कापड अलगद गोल झालं, आत काहीतरी नीट बसवून ठेवल्यासारखं. मास्तरांनी बाहेरून त्यावर तळहात टेकवला. कापड दबायला हवं होतं. ते दबलं, पण जरा थांबून दबलं. त्यांनी हात झटकन मागे घेतला. तळवा गार पडला होता.

"तुम्हालाही जाणवलं?" जावयाने विचारलं. त्याच्या आवाजात सुटका होती. "मला वाटायचं, मला एकट्यालाच कळतं."

जावई खाली मान घालून बोलू लागला.

"अकरा वर्षं बाळगलं मी. सुटाच्या आत. साहेबांच्या मागे दोन पावलांवर उभं राहायचं, एवढंच काम. अकरा वर्षांत एकदाच बाहेर काढलं."

"मग?"

"समारंभ होता. एक म्हातारे गृहस्थ साहेबांच्या अगदी जवळ आले आणि त्यांनी घाईघाईने कोटाच्या आत हात घातला." तो थांबला. "रुमाल काढत होते. शिंक आली होती त्यांना."

"गेले?"

"जागच्या जागी."

बाहेर काउंटरवर मुलीने बटणांचा डबा बंद केल्याचा आवाज झाला. जावई आवाज आणखी खाली आणून म्हणाला, "चौकशी झाली. माझी चूक नाही असं ठरलं. मी दुसऱ्या दिवशी सामान परत केलं, नोकरी सोडली. दोन वर्षं झाली त्याला. पण गेलं नाही ते, काका. बसताना टोचतं. झोपलो की कुशीखाली येतं. हात आपसूक जातो तिकडे, मी नेत नाही."

मास्तरांना त्याची कीव आली आणि तेवढीच भीतीही वाटली. मुलगा वाईट नव्हता, हे त्यांना कळत होतं. इतकी वर्षं ते सामान बाळगणाऱ्यांची मापं घेत आले होते. त्यात मजेखातर बाळगणारे किती, हेही त्यांना ठाऊक होतं. हा त्यांच्यातला नव्हता. पण त्यांच्या मुलीला या माणसाच्या शेजारी जन्म काढायचा होता, त्याच्याच घरात शिंकायचं आणि खोकायचं होतं.

"तिला सांगितलंत?"

"नाही. रोज ठरवतो, आज सांगायचंच. जीभ उचलत नाही."

"मग मी सांगतो. आत्ता, तुमच्यासमोर. ती नको म्हणाली तर शुक्रवारही नाही आणि हा कोटही नाही."

"चालेल," जावई म्हणाला. "तुम्ही म्हणाल तसं."

मास्तरांनी घसा खाकरला. कोणत्या शब्दांत सांगावं, हे काही केल्या सुचेना. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून त्यांनी जाकिटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि खडूचा तुकडा बोटांत धरला.

"जरा आत ये ग," त्यांनी हाक मारली.

पडद्याच्या कड्या खळखळल्या. जावयाचं कोपर मागे गेलं, पल्ला उडाला, हात कमरेपाशी जाऊन वर आला आणि सरळ पडद्याच्या दिशेने ताठ झाला. मूठ वळलेली होती आणि पहिलं बोट पुढे होतं. मुठीत काही नव्हतं. त्याचे डोळे उघडे होते, पण त्यांत कोणाची ओळख नव्हती.

दारात मुलगी उभी होती. ती दचकली नव्हती. तिचे दोन्ही हात खांद्याशी वर होते, तळवे पुढे. पडदा तिने खांद्याने सारला होता. बटणांचा पुठ्ठा दोन बोटांच्या चिमटीत लोंबत होता. हात वर करूनच ती आत आली होती.

"मीच आहे," ती म्हणाली. दार लावलंस का असं विचारावं, इतक्या साध्या आवाजात.

ती तशीच उभी राहिली. हळूहळू जावयाचा हात खाली आला. त्याने आपल्या बोटांकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. जे सांगायला मास्तरांनी एवढा धीर गोळा केला होता, ते तिच्या उभं राहण्यातच होतं.

"तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"याच्यासमोर पहिल्यांदा पर्समधून कंगवा काढला तेव्हापासून."

"आणि त्या म्हाताऱ्यांचं?"

"तेही. पेपरात आलं होतं तेव्हा. जुने अंक काढून वाचलं मी."

"आणि तरी?"

"तरी," ती म्हणाली. "शोधून काढलं, बाबा, मग महिनाभर विचार केला. घाईत काही ठरवलेलं नाही. त्यालाही आज कळतंय, की मला माहीत आहे."

जावई भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. मास्तरांना पुष्कळ बोलायचं होतं: की कीव येणं वेगळं आणि संसार करणं वेगळं, की अजून दोन दिवस आहेत, की बाप म्हणून आपण आडवं पडू शकतो. पण मुलीचं लक्ष त्यांच्या तोंडाकडे नव्हतंच. ती त्यांच्या छातीकडे पाहत होती. हात अजून जाकिटाच्या आत आहे, हे मास्तरांच्या तेव्हा कुठे ध्यानात आलं.

आरशात त्यांना जावई दिसला. तो वळला होता. रडवेल्या डोळ्यांतली ओळख पुन्हा गेली होती आणि कोटाचा उजवा पल्ला मागे सरत होता.

"बाबा," मुलगी आवाज न चढवता म्हणाली, "खिशातला हात सावकाश बाहेर काढा. आणि तळवे दिसू देत."

जावयाच्या कमरेला काही नव्हतं, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी स्वतः दोनदा चाचपून पाहिलं होतं. त्यांनी खडू खिशातच सोडला आणि दोन्ही हात वर केले.