एक बोट आखूड

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे, मित्रांनो, आणि माझा मागचा डावा पाय एक बोट आखूड आहे. कीव करू नका. आधी ऐका.

जन्मले तेव्हा मी सरळ होते. चित्रकाराच्या घरी येताना जिन्यात आपटले आणि पायाचा तुकडा उडाला. गेली अकरा वर्षं तो माझ्यावर बसून चित्र बघतो. हो, बघतो! चित्रकार दिवसभर रंगवतो ही थाप आहे. हा तीन तास बघतो आणि चार मिनिटं रंगवतो. झाड नाही, घर नाही. नुसते पट्टे आणि डाग. म्हणतो, "'ही खुर्ची' असं म्हटलं, की बघणं संपलं." खरंच आहे. अकरा वर्षांत त्यानं माझ्याकडे एकदाही बघितलेलं नाही.

तो बसला की मी डावीकडे कलते, तो मान उजवीकडे टाकतो, आणि मग त्याला चित्र सुचतं.

प्रदर्शनाला आठ दिवस उरले होते. मुख्य चित्र अर्धवट होतं. बायकोला त्याची दया आली. तिनं गुपचूप सुताराला बोलावलं. त्यानं माझ्या पायाखाली ठोकळा ठेवून दोन स्क्रू पिळले आणि म्हणाला, "आता हत्ती बसवा."

हत्ती नाही, चित्रकार बसला. आणि आंधळा झाला!

"मेलं हे चित्र! काल जिवंत होतं!" त्यानं रंगाला शिव्या दिल्या, खिडकीला दिल्या, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आला. डोळे ठणठणीत. मी ओरडून सांगत होते, पण लाकडाचं कोण ऐकतं?

सातव्या दिवशी त्यानं चित्र फाडायला सुरी उचलली.

"अहो, थांबा!" बायको दारातूनच ओरडली. "तुमची मान!"

"मानेचं काय आता?"

"सरळ झालीये! लग्नापासून वाकडी बघत आलेय मी."

ती हुशार बाई. माझ्याकडे बघितलं, कपाळावर हात मारला, पदर खोचला आणि खाली बसून स्क्रू काढले. "बसा आता. आणि ती सुरी द्या इकडे."

तो बसला. मी टुक्कन कलले. मान उजवीकडे पडली. मग तो उठला, पिवळ्याचा एकच फटकारा मारला आणि म्हणाला, "झालं!"

प्रदर्शनात मोठमोठी माणसं माना वाकड्या करून 'जगण्यातला तोल' वगैरे बोलत होती म्हणे. सुतारही गेला होता. बघून म्हणाला, "चित्रं झकास, पण भिंत ओळंब्यात नाही, कललीये."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, जरूर जपा. पण हातात स्क्रू घेण्याआधी निदान एकदा त्या वस्तूवर बसून बघा. तो ठोकळा अजून कोपऱ्यात पडलाय, आणि माझी नजर त्याच्यावर आहे.