मेलेला हात

मित्रांनो, मी एका गाडीचा मागचा वायपर आहे. जुना आहे आणि डूख धरून आहे. माझी हकीकत ऐकून एखादा म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचा एवढा राग कशाला? त्याने आधी वर्षानुवर्षे स्वतःला 'मेलेला हात' म्हणवून घ्यावे आणि मग मला शहाणपण शिकवावे.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. लोखंडी दांडा, मागे छोटीशी मोटर आणि पुढे रबराची नाजूक पट्टी, एवढाच माझा संसार. नशिबाने मला रबराच्याच मुलखात नेले. कांजिरप्पळ्ळी गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावर कुरियाच्चनचा रबराचा मळा आहे. झाडाला चीर द्यायची, चीक गोळा करायचा, त्याच्या शीट लाटायच्या आणि धुराला टांगायच्या. त्या घराच्या अंगणात रबर, कपड्यांना रबराचा वास आणि बोलण्यातही रबरच. मला वाटले, मी आजोळी आलो.

सुरुवातीचे दिवस मानाचे होते. कुरियाच्चनची बायको रोसम्मा गाडी छान चालवत असे. त्यांचे अंगण दरीच्या काठाला, त्यामुळे गाडी मागे घेतल्याशिवाय बाहेर निघतच नसे. पावसात मागची काच धूसर झाली की ती माझे बटण दाबायची आणि मी दोन फेऱ्यांत काच लख्ख करायचो. दर गुरुवारी ती ईराट्टुपेट्ट्याला आईकडे जायची. म्हातारी अंथरुणाला खिळलेली. तिला अंघोळ घालायची, मऊ भाताची कंजी भरवायची आणि परत यायचे. घरी आल्यावर ती ओल्या फडक्याने माझी पट्टी पुसायची. तसे मला पुन्हा कोणी पुसले नाही.

मग डिकीचे दार खडखडायला लागले. कुरियाच्चन कोणत्याही दुखण्यावर एकच औषध देतो.

"आपल्या रबराला जमत नाही असं जगात काही आहे का?" असे म्हणून त्याने शीटचा तुकडा कापला, त्याची घडी केली आणि डिकीच्या कुलपात ठासून बसवली. खडखड थांबली. पण दार पुरते मिटेना, पहिल्याच खाचेत अडकून राहू लागले. दार उघडे असताना मी फिरून कोणाला लागू नये, म्हणून डिकी पूर्ण मिटल्याखेरीज मला वीज मिळत नाही. गाडीची रचनाच तशी आहे. मी जागच्या जागी थिजलो.

गाडीने त्याला सांगितले नाही असेही नाही. समोर, स्टिअरिंगच्या मागे, दार उघडे असल्याचा लाल दिवा पेटून राहिला. तो दिवा त्याच्या डोळ्यांत खुपू लागला, तेव्हा या गृहस्थाने घोड्यावर बसून नाग मारणाऱ्या संत गीवर्गीसचे चित्र आणले आणि नेमके त्या दिव्यावर चिकटवले. वर हातही जोडले.

पाऊस आल्यावर मी चालत नाही हे कळले. शाजी मेकॅनिक आला. त्याने फ्यूज पाहिला, बटण पाहिले, माझ्या मोटरीला बाहेरून वीज देऊन पाहिली. मी गरकन फिरलो.

"मोटर ठणठणीत आहे, अच्चाया," शाजी म्हणाला. "करंट पोचत नाही. डिकी नीट लागते ना?"

"हलवून बघ की. नव्या नवरीसारखी गप्प आहे."

"मग वायर आतल्या आत तुटली असणार. डिकी आपटून आपटून तुटते कधीकधी."

मित्रांनो, शाजीने आपला अंदाज सांगितला होता. कुरियाच्चनने त्याचा निकाल करून टाकला.

"ऐकलंस ना, रोसम्मे? आपटून आपटून. म्हणजे तूच."

"मी कधी आपटत नाही, इच्चाया."

"मग काय उंदीर येऊन आपटून गेला? आजपासून किल्ली माझ्याकडे राहील. गाडी धुवायची असेल तेव्हा माग."

"आणि अम्मच्चीची अंघोळ?"

"बस जाते की ईराट्टुपेट्ट्याला."

बस जाते, पण ती बदलावी लागते, आणि पुढे चढ चालावा लागतो. गुरुवार कधी साधायचा, कधी चुकायचा. चुकला की म्हातारी तशीच पडून राहायची. रोसम्मा गाडी धुताना माझ्याजवळ येऊन थांबे, पण मला पुसत नसे. तिलाही वाटत होते की मी दगा दिला. मित्रांनो, ते मला सर्वात जास्त लागले. गुन्हेगार कुलपात घडी घालून बसला होता, मला तो दिसत होता, आणि मला तोंड नव्हते.

उन्हाने माझी पट्टी तडकली आणि एक दिवस गळून पडली. मागे राहिले उघडे लोखंड. गावभर रबर विकणाऱ्या माणसाने मला बोटभर रबर दिले नाही. उलट पाहुणे आले की काचेवर टिचकी मारून तो म्हणायचा, "हा आमचा मेलेला हात. बायकोची करामत." पाहुणे हसत. मी एकेक हसणारे तोंड लक्षात ठेवले आणि म्हटले, कुरियाच्चा, माझीही वेळ येईल.

चर्चच्या जत्रेआधी रोसम्माला गाडी धुवायला किल्ली मिळाली. आतून पुसताना ओल्या फडक्याने संत गीवर्गीस सुटून तिच्या हातात आले. खाली लाल दिवा. ती बघतच राहिली. मग तिने एकेक दार उघडून मिटले. शेवटी डिकीकडे आली, कुलपात बोट घातले आणि ती घडी बाहेर ओढली. डिकी मिटली, दिवा विझला. तिने माझे बटण दाबले आणि मी फिरलो.

मला वाटले, आता ती ओरडत घरात जाईल. तिने मला बंद केले. तुकडा नाकाशी धरून घरच्या धुराचा वास ओळखला. मग तो पुन्हा होता तसा कुलपात ठासला आणि संतालाही जागेवर बसवले. माझा संताप संताप झाला. पण मग तिच्या तोंडावरचे हसू पाहिले. इतके दिवस मला वाटायचे की डूख मीच धरून आहे.

पुढे रबर उत्पादक संघाची निवडणूक आली. अध्यक्ष होण्यासाठी कुरियाच्चनचा जीव खालीवर होत होता. माझ्या काचेवर त्याने मैद्याच्या खळीने आपले हे एवढे मोठे चित्र चिकटवले, मिशांसकट. संघाच्या आवारात गाडी उभी केली, भोंग्यासाठी किल्ली चालू ठेवली आणि माईक घेऊन तो गाडीमागे उभा राहिला. पाऊस भुरभुरत होता. खळी भिजत होती.

विरोधी उमेदवार पाप्पच्चन म्हणाला, "कुरियाच्चा, गाडीचा हात अजून मेलेलाच का? संघ कसा चालवणार?"

"बायकांच्या हाती गाडी दिली की हात मरतो," कुरियाच्चन माईकवरून म्हणाला. "संघ मी बायकोच्या हाती देणार नाही, घाबरू नका."

सगळे हसले. रोसम्मा पुढच्या सीटवरून डाळीच्या परिप्पुवड्यांचा डबा घ्यायला वाकली आणि जाता जाता माझे बटण दाबून आली. मग तिने डिकी उघडली आणि गर्दीतल्या शाजीला हाक मारली.

"शाजी, इकडे ये. ही घडी कशाची आहे सांग."

शाजीने कुलपातला तुकडा ओढला, वास घेतला आणि कपाळाला हात लावला. "अहो चेडत्ती, ही घरची शीट! याच्यामुळे डिकी मिटतच नव्हती. वायर कुठं तुटलीय?"

"वायर तुटलीच नव्हती. आपटून तुटते म्हणतात ना, इच्चाया? आजवर मी कधी आपटली नव्हती. आता ऐका."

आणि तिने डिकी अशी आपटली की भोंगा किंचाळला.

मी जागा झालो. पट्टी नव्हती, लोखंड होते, आणि समोर भिजलेला कुरियाच्चन होता. पहिल्या फेरीत मी त्याची मिशी नेली. दुसऱ्या फेरीत डोळे. मी सावकाश फिरलो, कारण असे सुख रोज मिळत नाही. काचेवर ओरखडे उठले, उठू देत. पाप्पच्चन हसून हसून बाकावर बसला, आणि मागे घरी येऊन हसलेले ते पाहुणे आता कुरियाच्चनला हसत होते.

"माईकची वायर सोडा, इच्चाया," रोसम्मा म्हणाली. "आज गुरुवार आहे."

ती गाडीत बसली आणि निघाली. कुरियाच्चनला घरापर्यंत चिखलातून चालत यावे लागले. निवडणुकीत तो पडला. किल्ली त्याला परत मिळाली नाही.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखी वस्तू असेल, मुकाट्याने राबणारी. ती बंद पडली तर आधी आपण तिच्यात काय कोंबले आहे ते पाहा, मग घरातल्या माणसाकडे बोट करा. आणि पट्टी वेळेवर बदला.

माझी पट्टी आता नवी आहे. दर रविवारी कुरियाच्चन स्वतः ती पुसतो, खाली मान घालून. रोसम्माने त्याला माफ केले. तिला त्याच्या पंगतीला बसायचे असते. मला बसायचे नसते.