सौनाचे दगड

आमच्या लेकीला, आइलाला, पहिली मुलगी झाली, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. बाळंतीण दूर शहरात, फेअरबँक्सला होती. इकडे नदीकाठी मी, माझा नवरा आर्वो आणि त्याच्या नाकात प्राणवायू सोडणारं यंत्र. विजेची तार आमच्यापर्यंत कधी आलीच नाही. यंत्र जनरेटरने भरलेल्या बॅटऱ्यांवर चालायचं, आणि बॅटऱ्या आर्वोच्या पलंगामागे, भिंतीपलीकडच्या पडवीत, लाकडी पेटीत असायच्या.

शहरातल्या इस्पितळात राहायला तो तयार नव्हता. "नातीला इथेच बघीन. बर्फातून रस्ता मोकळा झाला की आणतील तिला."

जानेवारीत असा गारठा पडला की फेकलेलं पाणी जमिनीवर पडेपर्यंत गोठावं. भर दुपारी यंत्र किंचाळायला लागलं. बॅटऱ्या गारठल्या होत्या. जनरेटर सुरू करून मी कशीबशी वेळ निभावली, पण तो सतत चालवायला तेल पुरणार नव्हतं. तेवढ्यात शेजारचा वाइली आला. त्याने घरातल्या दोन गोधड्या उचलल्या आणि पेटीवर नीट खोचून घातल्या.

आर्वो पडल्या पडल्या हसला. मग खोकला. "वाइली, गोधडी मढ्यावर घातली तर मढं गरम होतं का रे? ती असलेली ऊब धरून ठेवते. आधी ऊब तर आण."

"आणू कुठून?" मी विचारलं.

आर्वो म्हणाला, "सौनातले दगड काढ."

सौना म्हणजे आमची वाफेची न्हाणी. ते दगड त्याच्या बापाने नदीतून वेचून आणलेले. दर शनिवारी ते तापवून त्यांच्यावर पाणी ओतून घेतलेल्या वाफेवर आर्वोचं आयुष्य गेलं होतं.

"मग तुझा शनिवार?"

"छातीला वाफ सोसते कुठे आता? काढ."

वाइलीने दगड आणले. मी ते चुलीवर तापवून पत्र्याच्या डब्यांत भरले आणि डबे बॅटऱ्यांच्या शेजारी, त्यांना चिकटणार नाहीत असे ठेवले. वर गोधड्या घातल्या. बॅटऱ्यांतून निघणारा वायू कोंडू नये म्हणून झाकणाला फट ठेवली. दगड निवले की परत चुलीवर. गारठा ओसरेपर्यंत हेच चाललं.

"माझ्यापेक्षा या सवतीचे लाड जास्त," बॅटऱ्यांचे डबे भरता भरता मी म्हणायची.

"सवत कुरकुरत नाही," तो म्हणायचा. एकदा त्याने पायाखालची गरम पाण्याची पिशवी काढून माझ्या हातात दिली. "हीपण तिला दे."

"आणि तुझे पाय?"

"तू बस पायाशी."

मी बसले. त्याचे पाय मांडीवर घेतले. यंत्र संथ घुरघुरत होतं.

मार्चमध्ये रस्ता मोकळा झाला आणि आइला मुलीला घेऊन आली. आर्वोने तिला छातीवर निजवलं. नळीकडे तिचा हात गेला तर म्हणाला, "ओढू नकोस गं बाई. आजीने फार दगड वाहिलेत."

आर्वो एप्रिलच्या एकोणीस तारखेला सकाळी गेला. त्या दिवशी नदीचा बर्फ फुटला होता. यंत्र चालूच होतं.