लोण्याचा डेरा आणि रिकामी भांडी

या मित्रांनो, जरा जवळ सरका. लाकडाला कसला आलाय आवाज! पण माझ्या पोटाला कान लावलात तर एक गोष्ट सांगेन. गोष्ट लोण्याची आहे, म्हणून ती मऊ असेल असं मात्र समजू नका.

मी एक जुना लोण्याचा डेरा आहे. मातीचा नव्हे, ओकच्या लाकडाचा. लाकडी घोडीवर आडवा बसवलेला, कमरेला लोखंडी पट्टे, कुशीला फिरवायचा दांडा. माझं पोट मोठं आहे. त्यात साय मावावी म्हणूनच सुताराने ते मोठं केलं, आणि माझ्या तरुणपणी त्याला कुणी हसलं नाही.

जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाच्या पूर्व टोकाला, जिथे भात पिकत नाही पण गवत हटत नाही, तिथे आराया नावाच्या गवळ्याच्या घरी हिसाए सून होऊन आली. सासऱ्याने मला तिच्यासाठीच करवून घेतलं. गोठ्याबाहेर छातीएवढं बर्फ साचलेलं असायचं आणि आत हिसाए माझा दांडा फिरवत असायची. छपाक, छपाक. हात भरून आले की मला म्हणायची, "काय रे बाबा, आज रुसलास होय?" मग एकाएकी माझ्या पोटातला आवाज बदलायचा. धप्प! लोणी आलं.

गावच्या बुद्धाच्या देवळात हिवाळा सरताना सुरात प्रवचन सांगणारे महाराज यायचे. बोलता बोलता गायचे, गाता गाता माणसांना रडवायचे. हिसाए पहिल्या रांगेत. घरी आली की तोच सूर दांड्यावर धरायची. त्या सुरात तिने स्वतःचं एक कडवंही बसवलं होतं:

गवत कुणी दिलं, दूध कुणी दिलं,
वासराचा वाटा आला माझ्या ताटा,
आमिदा, तुझं देणं, हात जोडून घेणं.

पहिला गोळा आमिदा बुद्धापुढे जायचा. मग वाफाळत्या भातावर बोटभर लोणी, वर सोया सॉसचे दोन थेंब. लोणी वितळून भात सोनेरी व्हायचा आणि घर गप्प होऊन जेवायचं. हिसाए पोरांना बजावायची, "शीतसुद्धा टाकायचं नाही. वासराच्या तोंडचं काढून आणलंय ते."

चांगलीच शिकवण होती, मित्रांनो. तिचंच ओझं होईल हे तेव्हा कुणाला माहीत?

पुढे कारखान्याची टाकीगाडी दारात येऊन दूध नेऊ लागली. माझी रवानगी अडगळीत झाली. माझ्यात कोंबडीने अंडी घातली, पट्टे गंजले. म्हाताऱ्या हिसाएला तेवढी माझी आठवण होती. ती आपल्या पणतीला, तामाकीला, मांडीवर घेऊन माझ्याजवळ बसायची आणि ते कडवं शिकवायची. हिसाए गेली. काही वर्षांनी तामाकीच्या वडिलांनी मला तिच्याच शाळेला देऊन टाकलं. वर्गाच्या मागच्या भिंतीशी, जुन्या वस्तूंच्या कोपऱ्यात, मला जागा मिळाली. तिथून मला सगळं दिसतं. दिसतं, एवढंच.

तामाकी तेरा वर्षांची. अंगाने भरलेली, गालांवर थंडीची लाली, हसली की डोळे मिटायचे. पहिल्याच दिवशी हायातो नावाच्या मुलाने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि ओरडला, "अरे, ही बघा, जुळी बहीण!"

तेव्हापासून तिचं नाव पडलं डेरेबाई.

"डेरेबाई, सरक की, वारा अडतोय."

"डेरेबाई, हलवली तर लोणी निघेल का गं?"

तिच्या नावाची पट्टी कुणीतरी माझ्या पोटावर चिकटवली. तामाकीही हसायची. हसणाऱ्याला कुणी दुसऱ्यांदा टोचत नाही, असं तिला वाटत असावं. माझं पोट! ज्याच्यावर हिसाएने हात फिरवला, त्याचीच शिवी केली त्यांनी, आणि मला ती पट्टी झटकताही येईना.

शाळेत दुपारचं जेवण वर्गातच असतं. मुलंच वाढतात, हात जोडून "इतादाकिमास" म्हणतात, म्हणजे मिळालेलं मस्तकी लावतो. या वर्गाची रीत होती की भांडी रिकामीच परत जायची. वर्गशिक्षक तोयामा सरांना त्याचा फार अभिमान. उरलेलं कुणी घ्यायचं ते ठरवायला आधी मुलं हातांचा दगड-कात्री-कागद खेळत. मग खेळ बंद झाला. उरलेलं सगळं तामाकीच्या ताटात जाऊ लागलं. नावडती गाजरं, गार झालेलं सार, लोण्याच्या वड्या.

"घे गं, तुझ्याचसाठी ठेवलंय."

"आपल्या वर्गाची इज्जत तुझ्या पोटात आहे बघ!"

आणि तोयामा सर, मनाने वाईट नव्हेत हो, टाळ्या वाजवून म्हणायचे, "वा तामाकी! आजही भांडी रिकामी. सगळ्यांनी हिच्याकडून शिका."

टाळ्या पडायच्या. तामाकी खायची. नको म्हणावं तर पणजीची शिकवण आडवी यायची, सरांची शाबासकी आडवी यायची. तिची पाठ मला दिसायची. शेवटच्या घासाला ती पाठ थरथरायची. मी नुसता पोकळ उभा.

मग एकदा सरांनी ठरवलं की मुलांना जुन्या पद्धतीचं लोणी करून दाखवायचं. मला उकळत्या पाण्याने धुतलं, पाण्यात मुरवत ठेवलं. माझं लाकूड फुगलं, फटी मिटल्या. इतक्या वर्षांनी माझ्यात साय पडली. सर म्हणाले, "दांडा तामाकी फिरवेल. डेरा तिच्या पणजीचा आहे."

तिने दांडा धरला आणि, मित्रांनो, मला हिसाएचा हात ओळखू आला. तेच वजन, तीच लय. छपाक, छपाक. तिच्या तोंडून नकळत सूर निघाला. गवत कुणी दिलं, दूध कुणी दिलं... कुणी हसलं नाही. वाटलं, सुटली पोर! धप्प. लोणी आलं.

सगळ्यांच्या पावांना लावून झालं तरी भांड्यात मोठा गोळा उरला. सर फोटोसाठी कॅमेरा आणायला खाली गेले होते. हायातोने भांडं उचलून तिच्यापुढे ठेवलं.

"हे कोण संपवणार? भांडं परत रिकामं जायला हवं ना?"

"नको रे. खरंच नको," तामाकी म्हणाली. हा शब्द तिने पहिल्यांदाच काढला होता.

"असं कसं? पणजीच्या डेऱ्यातलं टाकणार तू? पाप लागेल हं!"

कुणीतरी टाळी धरली. मग सगळ्यांनी. खा, खा, खा. त्यांनी टाळीला लयही माझ्या दांड्याचीच धरली होती.

तामाकीने हात जोडले. चमच्याने लोणी खाल्लं. घासामागून घास, पापण्या मिटून. अर्ध्यावर तिला उमळून आलं आणि सगळं जमिनीवर पडलं. मुलं किंचाळत, हसत मागे सरली. ती गुडघ्यावर बसून स्वतःच्या रुमालाने फरशी पुसू लागली.

सर धावत आले. "काय झालं? कुणी खायला लावलं हिला?"



"कुणी नाही, सर," तामाकी म्हणाली. "मलाच भूक लागली होती."

मी ओरडलो, मित्रांनो. माझ्या एकेका फळीने ओरडलो. सरांना वाटलं, ओलं लाकूड वाळताना करकरतंय.

दुसऱ्या दिवशी तिची जागा रिकामी होती. तिसऱ्या दिवशीही. जेवण झालं तेव्हा गाजरं उरली, सार उरलं, भाताला हात लागलेला नव्हता. मुलं एकमेकांकडे बघत राहिली. तोयामा सर टाळी वाजवायला उठले होते. त्यांनी भांड्यात डोकावून पाहिलं. एवढं रोज एका मुलीच्या पोटात जात होतं. त्यांचे हात वरच राहिले.

पुढच्या आठवड्यात तिची आई तिचे शाळेत ठेवलेले, वर्गात घालायचे बूट न्यायला आली. वर्गाच्या दारात थांबून म्हणाली, "सर, ती जेवतच नाही हो. भात पुढे ठेवला की हात जोडते, आणि तशीच बसून राहते."

सर माफी मागायला वाकले ते वाकलेलेच राहिले. हायातो खिडकीबाहेर बघत होता. माझ्या पोटावरची पट्टी कुणीतरी काढून टाकली. तिच्या डिंकाचा डाग आहे अजून.

मित्रांनो, माझे पट्टे गंजू द्या, मला पुन्हा अडगळीत टाका, तक्रार नाही. पण प्रेमाने घुसळलेलं लोणी कुणाच्या गळ्यात दगड करून कोंबू नका. आणि समोर कुणी हसत हसत खात असेल, तर त्याची पाठ एकदा बघा. तुम्हाला पाय आहेत, तोंड आहे. माझ्यासारखे लाकूड होऊन उभे राहू नका.

आज घरी ताटावर बसाल, हात जोडाल, तेव्हा पहिला घास घेण्याआधी एक क्षण थांबा. दूर बर्फाच्या गावात एक मुलगी अजून तशीच हात जोडून बसली असेल. तिचं नाव तामाकी. तिची आठवण काढा.