माझ्यात साखर भरली

मी डबा बोलतोय. मनीषनगरातल्या एका दवाखान्यातला, जाड पांढऱ्या प्लास्टिकचा. स्वयंपाकघरातल्या डब्यांशी माझं काही नातं नाही हे आधीच सांगतो, कारण सगळा घोटाळा तिथूनच झाला.

कळमेश्वरच्या एका कारखान्यात मी साच्यातून बाहेर पडलो. माझ्या भिंती मुद्दाम जाड केल्या होत्या. वापरलेली सुई आत पडली की तिचं टोक बाहेर येता कामा नये, एवढंच माझं काम. पोटावर काळ्या कड्यांचं धोक्याचं चिन्ह चिकटवलं होतं. मला त्याचा फार तोरा होता.

दवाखान्यात वंदना सिस्टरांनी मला खोक्यातून काढलं. बाई प्रामाणिक, कामाला वाघ. पण चांगला डबा दिसला की त्यांचा जीव त्यात अडकायचा. श्रीखंडाचे, बिस्किटांचे, सगळे डबे धुऊन ठेवायच्या. माझं झाकण त्यांनी दोनदा लावून पाहिलं. "एवढा मजबूत डबा सुयांत काहून घालवायचा? साखरेले बरा आहे. मुंग्या लागणार नाहीत."

डॉक्टर उन्मेष मोबाइलमधून मान वर न काढता "हं" म्हणाले. झालं. माझ्यात दोन किलो साखर आली, आणि सुया टोपण लावून लाल पिशवीत जाऊ लागल्या.

मला रोज उघडायची ती देवकीबाई. रेल्वे फाटकापलीकडच्या वस्तीतून यायची. झाडू-पोछा, कचऱ्याच्या पिशव्यांच्या गाठी आणि दोन वेळचा चहा, हे तिचं काम. माझ्यावरचं चिन्ह सिस्टरांनी खरवडलं होतं, तरी अर्धं उरलंच होतं.

"सिस्टर, डब्यावर हे फूल कायचं आहे जी?" तिनं एकदा विचारलं.

"कंपनीचं असन काही," सिस्टर म्हणाल्या.

ते फूल नव्हतं हो. पण माझं तेव्हा कोण ऐकणार?

देवकीबाईच्या तोंडी एकच विषय असायचा, तिची दीक्षा. मुलगी कुही गावाकडे दिली होती, पहिलंच बाळंतपण, पाचवा महिना. "बाळाची मालिश मीच करीन," चहा गाळता गाळता ती सांगायची. "टाळूले तेल मायाच हातानं लागलं पाहिजे." सव्वा महिन्याची सुट्टीही तिनं आधीच मागून ठेवली होती.

एका सकाळी लाल पिशवी काठोकाठ भरली होती. दवाखान्यांचा कचरा नेणारी गाडी एक दिवसाआड येई. गाठ बसेना म्हणून देवकीबाईनं नेहमीसारखा तळहातानं दाब दिला. आत एका सुईचं टोपण निसटलेलं होतं. ती "स्स" करून मागे सरली. अंगठ्याखाली रक्ताचा थेंब आला होता. तिनं हात नळाखाली धरला, पदरानं पुसला आणि माझ्यातून चमचाभर साखर काढून चहात टाकली.

कुणाला काही सांगितलं नाही. सिस्टरला बोलणी बसतील, हीच तिला काळजी. सांगितलं असतं तर त्याच दिवशी इंजेक्शनं देता आली असती. डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी काविळीची लस कधीच घेतली होती. देवकीबाईलाही ती द्यायची असते, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

अडीच महिन्यांनी तिला अन्न नको झालं. डोळे पिवळे दिसायला लागले. रक्त तपासलं तर कावीळ निघाली, आणि तीही रक्तातून लागणारी, ‘बी’ प्रकारची.

"कधी काही टोचलं होतं का तुम्हाले?" सिस्टरांनी विचारलं.

"एक डाव टोचलं होतं. पिशवी दाबताना."

 सिस्टरांनी माझ्यातली साखर मोरीत ओतली, मला धुतलं, पुसलं आणि इंजेक्शनच्या टेबलावर नेऊन ठेवलं. माझी हक्काची जागा मला मिळाली. मला आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं.

दीक्षाला मुलगी झाली. देवकीबाई मालिशीला गेली नाही.

आता मी पाऊण भरलोय. उद्या माझं झाकण कायमचं बंद होईल आणि गाडी मला घेऊन जाईल. त्याआधी हात जोडून सांगतो: माझ्यासारख्याला सुयांसाठीच राहू द्या. आणि तुमचा कचरा जी उचलते, तिला त्यात काय आहे ते नीट सांगा.

आज सकाळचं तेवढं सांगतो. दीक्षा दीड महिन्याच्या लेकीला लस द्यायला घेऊन आली होती. सोबत आलेली देवकीबाई दारापाशीच थांबली.

"घे ना वं माय इले. मले कागद भराचा आहे."

"राहू दे."

"घ्या, देवकीबाई," डॉक्टर म्हणाले. "हातात घेतल्यानं हे लागत नाही. मी सांगतो ना."

"त्या पिशवीतही काही नाही, असंच वाटे मले, डॉक्टर," ती खाली बघत म्हणाली.

 डॉक्टरांनी बाळाला लस टोचली. त्या लसीत काविळीचीही होती. बाळानं टाहो फोडला, तसे देवकीबाईचे दोन्ही हात आपसूक पुढे आले. मग तिनं ते मागे घेतले आणि पदरात गुंडाळून टाकले.

सुई माझ्यात पडली. माझं काम मी चोख केलं. बाळ रडतच राहिलं, आणि आजी तीन पावलांवरून त्याच्याकडे बघत उभी राहिली.