एकोणीस पॉइंट चार

गाडी ॲव्हरेज देत नाही, अशी तक्रार घेऊन जो कुणी आमच्या शोरूममध्ये येतो, त्याला आधी पाणी देतात, मग चहा देतात आणि शेवटी माझ्याकडे पाठवतात. माझं काम एवढंच, की त्याला त्याच्याच गाडीत शेजारी बसवायचं आणि त्याच्या तोंडावर सिद्ध करायचं, की गाडी चोख आहे, दोष तुमच्या पायात आहे. अकरा वर्षं मी हे करतोय. एकदाही हरलो नाही. मॅनेजर मला उस्ताद म्हणतात. पगार वाढवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

आमची पद्धत अशी. कोपऱ्यावरच्या पंपावर टाकी काठोकाठ भरायची, नोझल आपोआप बंद होईपर्यंत. झाकणावर कागदी सील लावायचं, त्यावर गिऱ्हाइकाची सही घ्यायची. मग बायपासवर बरोबर पन्नास किलोमीटर गाडी पळवायची आणि त्याच पंपावर, त्याच नोझलनं टाकी पुन्हा काठोकाठ भरायची. जेवढं पेट्रोल मावलं तेवढं गाडीनं खाल्लं. यात खोटं काहीच नाही, म्हणून तर कुणाला बोलायला जागा राहत नाही. फक्त निघण्याआधी चाकं हलकी फिरावीत म्हणून मी चारही टायरमध्ये चार पौंड हवा जास्त भरतो, इंजिन अर्धा तास चालवून गरम करून ठेवतो, आणि बायपासवर एकही सिग्नल नाही.

हे छोट्या टर्बो इंजिनाचं मॉडेल आल्यापासून तर माझ्या टेबलापुढे रांगच लागली. त्याचं कारण मला ठाऊक आहे आणि मॅनेजरांनाही. इंजिन लहान पोटाचं. मोकळ्या रस्त्यावर एका लयीत चाललं की चिमणीसारखं खातं. पण शहरात दर सिग्नलला गाडी थांबते, आणि थांबलेली गाडी उठवायची तर त्या लहान इंजिनाला दम पुरत नाही. मागचा माणूस हॉर्न देतो, आपण पाय दाबतो, टर्बो आत हवा कोंबतो, आणि हवा कोंबली की तेवढं पेट्रोल ओतावंच लागतं. पुढच्या शंभर मीटरवर पुन्हा ब्रेक. सगळं मुसळ केरात. माहितीपत्रकात लिटरला वीस छापलंय. शहरात दहा मिळाले तर नशीब. हे आम्ही गिऱ्हाइकाला सांगत नाही. आम्ही म्हणतो, पाय हलका ठेवा.

ताईनं जुनी गाडी विकून हेच मॉडेल घेतलं ते माझ्या शब्दावर. ती शहराच्या दुसऱ्या टोकाच्या रुग्णालयात रक्तपेढीत काम करायची. सात-वीसला मुलीला शाळेच्या बसमध्ये बसवायचं आणि आठच्या ठोक्याला कामावर हजर व्हायचं. दोन बस बदलून हे जमणं शक्यच नव्हतं. गाडी होती म्हणून नोकरी होती, इतकं ते सरळ होतं. पण गाडी भाऊजींच्या नावावर होती आणि भाऊजींना आकड्यांचं वेड. माहितीपत्रक त्यांनी जपून ठेवलं होतं. वीस म्हणजे वीस.

"तुझ्या बहिणीचा पाय म्हणजे हत्तीचा पाय," ते मला फोनवर म्हणाले. "गाडी चालवते की पेट्रोल पिते, कळत नाही. मी तिला सांगून टाकलंय. जमत नसेल तर किल्ली ठेव आणि घरी बस."

त्यानंतर ताई स्वतः शोरूममध्ये आली. हातात एक छोटी वही. रोजचे किलोमीटर, भरलेलं पेट्रोल, किती सिग्नल लागले, सगळं टिपलेलं. सरासरी दहा पॉइंट सात.

"एवढंच सांग," ती म्हणाली, "हा माझा दोष आहे का? असेल तर मी शिकेन. नसेल तर त्यांना तू सांग. माझं ते ऐकत नाहीत, पण तू या धंद्यातला आहेस."

गाडी तपासायला म्हणून मी तीन दिवस ठेवून घेतली. रोज सकाळी तिच्याच वेळेला, तिच्याच रस्त्यानं, अकरा सिग्नल घेत रुग्णालयाच्या फाटकापर्यंत गेलो आणि तिच्या सुटण्याच्या वेळेला परत आलो. चौऱ्याऐंशी किलोमीटर. जीव ओतून चालवली. पाय इतका हलका, की पाठीमागचे लोक खिडकीतून शिव्या देऊन पुढे गेले. हिशेब केला तर नऊ पॉइंट नऊ.

मी दोनदा भागाकार केला. तरी नऊ पॉइंट नऊच.

म्हणजे माझ्यापेक्षा ताई चांगली चालवत होती. यात नवल वाटायचं कारण नव्हतं, कारण मला गाडी शिकवली तिनंच. मी सतरा वर्षांचा होतो. बाबांच्या जुन्या गाडीत ती शेजारी बसायची आणि म्हणायची, "धाकट्या, पायाखाली अंडं आहे असं समज. फुटता कामा नये." पहिल्याच आठवड्यात मी घराच्या फाटकावर गाडी घातली. बाबा बाहेर येईपर्यंत तिनं मला बाजूला ढकललं आणि स्वतः स्टिअरिंगमागे बसली. बोलणी तिनं खाल्ली. सहा महिने तिला गाडीला हात लावायची बंदी झाली. मी मूग गिळून उभा होतो. तेव्हा ती बहिणीची माया वाटली होती. आता वाटतं, मला तिथूनच सवय लागली.

तो नऊ पॉइंट नऊचा कागद मी घडी करून खणात तळाशी टाकला. कुणाला दाखवला नाही. ताईला फोनवर एवढंच म्हटलं, "काळजी करू नकोस. रविवारी भाऊजींना घेऊन ये. तुझ्याच रस्त्यानं नेतो त्यांना. स्वतःच्या डोळ्यांनी बघू देत."

खरंच मी तेच ठरवलं होतं. देवाशपथ.

रविवारी दोघं आले. पंपावर टाकी भरली, सीलवर भाऊजींनी सही केली. भाऊजी पुढे, ताई मागे. पंपातून बाहेर पडलं की डावीकडे शहर आणि उजवीकडे बायपास. मी डावीकडचा इंडिकेटर दिला. ताईनं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि थोडी हसली. कितीतरी दिवसांनी तिला हसताना बघत होतो.

"काय उस्ताद," भाऊजी पट्टा लावत म्हणाले, "ही काय म्हणते माहीत आहे का? म्हणते, माझ्या रस्त्यानं धाकट्यानं चालवली तरी दहाच पडतील. तुझ्यात नि तिच्यात काही फरक नाही म्हणे!" आणि मोठ्यानं हसले.

इंडिकेटर टिकटिक करत होता. तिचं म्हणणं खरं होतं, नव्हे, खऱ्यापेक्षा कमीच होतं. मी एवढंच म्हणायला हवं होतं, हो भाऊजी, फरक आहे, ती माझ्यापेक्षा सरस आहे. जीभ उचलली नाही. अकरा वर्षांचं उस्तादपण त्या दोन वाक्यांत जाणार होतं, आणि तेही बहिणीपुढे.

मी इंडिकेटर बदलला आणि उजवीकडे वळलो.

"अरे, हा माझा रस्ता नाही," ताई मागून म्हणाली.

"कंपनीची पद्धत आहे ताई," मी म्हटलं. "चाचणी इथेच करतात."

"पण तू म्हणाला होतास—"

"नाचता येईना, अंगण वाकडं," भाऊजी म्हणाले.

आणि मी हसलो. पुढचं सगळं एक वेळ सोडून द्या, पण मी हसलो, हे मला विसरता येत नाही.

ताईनं हातातली वही मिटून पर्समध्ये टाकली. मी मात्र रंगात आलो होतो. पासष्टचा वेग, वरचा गिअर, पायाखाली अंडं. उतार आला की पाय अलगद उचलायचा, चढ दिसायच्या आधी केसभर दाबायचा. भाऊजी "वा" म्हणत होते. गुरूची विद्या गुरूला म्हणतात, ती मी त्या दिवशी व्याजासकट परत केली.

टाकीत दोन लिटर अठ्ठावन्न मावलं. एकोणीस पॉइंट चार.

भाऊजींनी पावतीचा फोटो काढला. मॅनेजरांनी माझ्या पाठीवर थाप मारली, सुंठीवाचून खोकला गेला म्हणाले, आणि तक्रारीवर शिक्का मारला: निरसन. ताईनं पर्समधून किल्ली काढली आणि कुणी मागायच्या आत भाऊजींच्या हातात ठेवली. तिनं भांडायला हवं होतं. भांडली असती तर मला जरा बरं वाटलं असतं.

महिनाभर तिनं बसनं जाऊन बघितलं. रोज पंचवीस मिनिटं उशीर. पहिला मेमो आला, दुसरा आला. तिसऱ्याची वाट न बघता तिनं राजीनामा दिला. रक्तपेढीत बारा वर्षं काढली होती तिनं.

चार महिन्यांनी भाऊजी माझ्या टेबलापुढे उभे. गाडी आता तेच ऑफिसला नेत होते.

"आठ पॉइंट सहा!" ते ओरडले. "मी चालवतोय, मी! काहीतरी बिघाड आहे."

मॅनेजर म्हणाले, "उस्ताद, घ्या बघू बायपासला."

मला एकदम त्या बायपासची शिसारी आली. "बिघाड नाही," मी म्हटलं. "शहरात ही गाडी एवढंच देते. कुणीही चालवली तरी."

मॅनेजरांचा चेहरा पडला. भाऊजींचा मात्र उजळला.

"तरीच! मी म्हणतच होतो, माझ्या चालवण्यात खोट असणं शक्य नाही. गाडीच तसली आहे. विकून टाकतो."

"भाऊजी, मग ताईचं—"

"ते आता झालं गेलं रे," ते म्हणाले आणि फोनवर गाडीची जाहिरात टाकायला लागले. मला मॅनेजरांनी केबिनमध्ये बोलावून झाडलं. पुन्हा असं बोलणार नाही, असं मी त्यांना सांगितलं.

त्या संध्याकाळी खणाच्या तळातला कागद घेऊन मी ताईकडे गेलो. ती कपड्यांच्या घड्या करत होती. कागद तिच्या हातात दिला, तारीख दाखवली, सगळं सांगितलं. तिनं तो नीट वाचला. आकड्यांची तिला सवयच होती.

"म्हणजे माझे दहा पॉइंट सात आणि तुझे नऊ पॉइंट नऊ."

"हो."

"आणि हे तुला त्या रविवारच्या आधीच माहीत होतं."

"हो."

तिनं कागद मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "मला खरंच वाटलं रे, माझा पाय जड आहे. जिना उतरताना मी स्वतःच्या पायाकडे बघायचे. म्हटलं, एवढी वर्षं चालवली, आणि आपल्याला कळलंसुद्धा नाही."

"ताई, चुकलं माझं."

"हा कागद त्यांना दाखवलास?"

मी दाखवला नव्हता. दोष गाडीचा आहे, एवढं मी सांगितलं होतं. ती माझ्यापेक्षा चांगली चालवते, हे त्या दिवशीही सांगितलं नव्हतं. ताईला ते कळलं. माझं तोंड ती लहानपणापासून वाचत आली आहे.

"फाटकाच्या वेळी तुझा दोष मी आपण होऊन घेतला होता," ती म्हणाली. "या वेळी तू न विचारता माझ्या गळ्यात घातलास." आणि कागदाची घडी करून तिनं तो मला परत दिला. "ठेव तुझ्याकडे. आता मला त्याचा काही उपयोग नाही."

चहा न विचारता ती आत गेली. दार मीच ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला एक बाई तक्रार घेऊन आल्या. हातात छोटी वही होती. घरी नवरा म्हणतो माझा पाय जड आहे, खरं काय ते तुम्हीच सांगा, म्हणाल्या. मी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि त्यांच्या गाडीच्या चारही टायरमध्ये चार पौंड हवा जास्त भरली.